लिंडन वृक्षांखालचा रस्ता

बर्लिन शहराच्या मध्यभागी एक प्रशस्त राजमार्ग आहे. त्याचे नाव ‘उंटर डेन लिंडेन’. मराठीत त्याचा अर्थ ‘लिंडन वृक्षांखाली’ एवढाच होतो. मोठ्या शहरांतील मोठ्या रस्त्यांना राजांची, सेनापतींची आणि लढायांची नावे देण्याची युरोपात जुनी रीत आहे. बर्लिनलाही तिचे वावडे नाही. परंतु ज्या रस्त्यावरून प्रशियाचे राजे मिरवले, नेपोलियन विजयी होऊन आला आणि पुढे हिटलरच्या सैन्याची संचलने झाली, त्या रस्त्याने नाव धारण केले ते झाडांचे. असे नाव घेतले की रस्त्याच्या माथी एक ऋण चढते. राजाच्या नावाचा रस्ता राजा मेल्यावरही खोटा ठरत नाही. झाडांच्या नावाचा रस्ता झाडे गेली की खोटा ठरतो. या रस्त्यावरील झाडे गेल्या पावणेचारशे वर्षांत वारंवार गेली आणि वारंवार लावली गेली. तटबंदीसाठी गेली, युद्धात गेली, कडाक्याच्या थंडीत सरपणासाठी गेली. आणि दोन वेळा, एकदा १९३४-३५ साली व पुन्हा एकविसाव्या शतकात, ती भुयारी रेल्वेसाठी गेली.

प्रथम या वृक्षाची ओळख करून घेणे इष्ट होईल. लिंडनला इंग्लंडात ‘लाइम’ म्हणतात आणि त्या शब्दाने आपल्याकडे पुष्कळांचा घोटाळा होतो. लिंबाशी त्याचा काडीमात्र संबंध नाही. त्याचे खरे सोयरे आपल्या सह्याद्रीत आहेत. रानातील धामण हा त्याचा चुलतभाऊ. धामणीच्या शास्त्रीय नावातील ‘टिलिईफोलिया’ या पदाचा अर्थच मुळी ‘लिंडनसारख्या पानांची’ असा आहे. फालसा आणि ताग हेही त्याच गोतावळ्यातले. लिंडनचे पान हृदयाकृती असून त्याच्या कडेला बारीक दाते असतात. जून महिन्यात फिकट पिवळ्या फुलांचे घोस लोंबू लागतात, त्यांचा गोड वास दरवळतो आणि मधमाश्यांची झुंबड उडते. जर्मन गृहिणी ही फुले वाळवून ठेवतात आणि पडसे-खोकला झाला म्हणजे त्यांचा काढा देतात. आपल्या घरांतील गवती चहासारखाच हा प्रकार. झाडाचे आयुष्य फार मोठे. निर्धास्त जागी उभे राहिले तर ते कित्येक शतके जगते. मात्र ‘निर्धास्त जागा’ ही वस्तू राजधानीच्या शहरात किती दुर्मिळ असते, ते पुढील हकीकतीवरून दिसून येईल.

इसवी सन १५७३ मध्ये इलेक्टर योहान गेओर्ग याने आपल्या राजवाड्यापासून पश्चिमेकडील टीअरगार्टेन या शिकारीच्या रानापर्यंत घोड्यावरून जाण्यासाठी एक वाट आखविली. तीच या रस्त्याची मूळ रेघ. वाटेवर झाडे आली ती पुढे १६४७ साली. तीस वर्षांचे ते भयंकर युद्ध अद्याप संपले नव्हते; बर्लिनची वस्ती निम्म्यावर आली होती, घरे ओसाड पडली होती. गादीवर होता २७ वर्षांचा फ्रीडरिष विल्हेल्म, ज्याला इतिहास ‘थोरला इलेक्टर’ म्हणून ओळखतो. त्याच्या कुमारवयाची काही वर्षे हॉलंडमध्ये गेली होती आणि आदल्याच वर्षी त्याने तेथील ऑरेंज घराण्याची कन्या वरली होती. डच शहरांतील कालव्यांकाठच्या वृक्षांच्या रांगा त्याने डोळे भरून पाहिल्या होत्या. त्याने आज्ञा केली आणि या वाटेवर सहा रांगांत एक हजार लिंडन व एक हजार अक्रोड लावण्यात आले. उद्ध्वस्त नगराच्या वेशीबाहेर, वाळूच्या माळावर दोन हजार झाडे! धान्याची वाण असताना राजाने हे करावे, याचे तत्कालीन प्रजेला काय वाटले असेल ते असो. पण पन्नास वर्षांनी ज्याची सावली पडावयाची असे काम त्याने त्या काळी हाती घेतले, हे खरे.

गंमत अशी की, त्याच राजाच्या हयातीत त्यांपैकी काही झाडांवर कुऱ्हाड पडली. १६५८ मध्ये शहराभोवती नवी तटबंदी बांधण्यास प्रारंभ झाला आणि रस्त्याच्या पूर्व भागातील झाडे तिच्या आड आली म्हणून तोडली गेली. जेमतेम अकरा वर्षांची ती झाडे! पुढे रस्त्याच्या उत्तरेस राजाच्या दुसऱ्या राणीच्या नावाने डोरोटेएनश्टाट ही नवी पेठ वसली. तेथील रहिवासी आपली डुकरे मोकळी सोडीत आणि ती लिंडनच्या मुळांशी उकीर करीत. तेव्हा सुमारे १६८० मध्ये डुकरे मोकळी सोडण्यास मनाई करणारा हुकूम निघाला. रस्त्यावरील वृक्षांच्या संरक्षणाच्या कायद्यांचा इतिहास कोणी लिहावयास बसेल, तर बर्लिनच्या या डुकरांना त्यात मानाचे स्थान द्यावे लागेल.

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत या रस्त्याचे भाग्य उजळले. १७९१ मध्ये पश्चिम टोकाला ब्रांडेनबुर्ग दरवाजा पुरा झाला; १८०६ मध्ये नेपोलियन त्यातूनच शहरात आला; १८१० मध्ये रस्त्यावरील एका राजवाड्यात विश्वविद्यालय स्थापन झाले. मराठी माणसाचा या रस्त्याशी जो जिव्हाळ्याचा संबंध पोहोचतो, तो या विश्वविद्यालयाद्वारे. इरावतीबाई कर्वे १९२८ साली मानवशास्त्राच्या उच्च अभ्यासासाठी बर्लिनला गेल्या आणि याच विश्वविद्यालयाची डॉक्टर ही पदवी त्यांनी मिळविली. त्या तेथे होत्या तेव्हा रस्त्यावरची जुनी वृक्षराजी उभी होती. ती सारी १६४७ सालची नव्हती हे उघड आहे. मेलेल्याच्या जागी नवे असा क्रम पिढ्यानपिढ्या चालत आलेला होता. परंतु रांग अखंड होती, आणि शहराच्या मनात ती इतकी रुजलेली होती की १९२३ मध्ये वाल्टर कोलो या संगीतकाराने एका नाट्यप्रयोगासाठी रचलेले, या झाडांच्या नावाने शहराच्या चिरंजीवित्वाची ग्वाही देणारे गाणे बर्लिनकरांच्या ओठांवर खेळत होते. त्या गाण्यानंतर बारा वर्षांच्या आत झाडे नाहीशी झाली.

हे कसे घडले ते समजण्यासाठी बर्लिनच्या आगगाड्यांची रचना ध्यानात घ्यावयास हवी. शहराच्या उत्तरेकडून येणाऱ्या गाड्या उत्तरेच्या श्टेटिन स्थानकावर थांबत. दक्षिणेकडून येणाऱ्या गाड्या पोट्सडाम आणि आनहाल्ट या दोन स्थानकांवर थांबत. पूर्व-पश्चिम जाणारी लोहमार्गाची कमान १८८२ मध्येच बांधून झाली होती. पण उत्तर-दक्षिण जोडणी नव्हती. उत्तरेच्या उपनगरातील कारकुनाला दक्षिणेकडील कचेरीत जावयाचे तर मधला टप्पा ट्रामने, बसने किंवा पायी उरकावा लागे. मुंबईकरास ही अडचण अधिक फोड करून सांगण्याचे कारण नाही. शहराच्या पोटातून उपनगरी विजेच्या गाड्यांसाठी बोगदा काढावा ही कल्पना पहिल्या महायुद्धापूर्वीचीच. युद्धाने ती लांबणीवर टाकली, नंतरच्या चलनफुगवट्याने आणखी लांबविली. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला तेव्हा लाखो बेकारांच्या हाताला काम देण्याची निकड होती आणि १९३६ मध्ये ऑलिंपिक सामने बर्लिनमध्ये भरावयाचे होते. जुने नकाशे फडताळातून बाहेर निघाले. १९३४ मध्ये खोदकाम सुरू झाले. बोगदा सुमारे सहा किलोमीटर लांबीचा, आणि त्याचे एक स्थानक नेमके उंटर डेन लिंडेनच्या पश्चिम टोकाखाली.

बर्लिनची जमीन म्हणजे वाळू, आणि थोडे खणताच पाणी. अशा जमिनीत त्या काळी तेथे जी पद्धत रूढ होती ती अशी: रस्त्याच्या दोन्ही अंगांना लोखंडी तुळया उभ्या ठोकावयाच्या, त्यांच्यामध्ये लाकडी फळ्या सरकवून भिंत करावयाची, पंप लावून आसपासचे पाणी खाली ओढावयाचे, आणि वरून उघडा खंदक खणीत जावयाचे. बोगदा बांधून झाला की त्यावर छत घालून रस्ता पूर्ववत करावयाचा. पेटीचे झाकण काढून आत वस्तू ठेवावी आणि झाकण पुन्हा बसवावे, तसा हा प्रकार. झाकण दगडांचे असेल तर ते पुन्हा बसते. झाकणावर वृक्ष उभे असतील तर ते बसत नाही. शिवाय ज्या झाडांच्या मुळांवर कुदळ पडत नाही, त्यांच्याही पायाखालचे पाणी पंपांनी उतरले की ती पाने गाळू लागतात. म्हणून या पद्धतीने बोगदा काढावयाचा ठरल्यावर त्याच्या वाटेवरील लिंडन वाचविणे शक्य नव्हते. येथवर कोणाला फारसा दोष देता येत नाही. बोगदा गरजेचा होता. तो झाल्याने लाखो माणसांच्या आयुष्यातील कितीतरी तास वाचले, आणि तो आजही चालू आहे.

दोष द्यावयाचा तो पुढील गोष्टीला. बोगद्याचे निमित्त मिळताच रस्त्याच्या मांडणीतही फेरफार करण्यात आले. वाहनांसाठी व संचलनांसाठी मोकळी जागा वाढली, उंच दिव्यांचे खांब आले आणि त्यांच्या खाली काडीसारखी बारीक रोपे लावली गेली. बर्लिनकर थट्टेखोर म्हणून प्रसिद्ध आहेत. उघड बोलण्याची सोय राहिली नव्हती, तरी थट्टा राहिली होती. ‘उंटर डेन लिंडेन’ या नावात किंचित बदल करून ते त्या रस्त्यास ‘उंटर डेन लाटेर्नेन’, म्हणजे ‘कंदिलांखाली’, असे म्हणू लागले. लोकांच्या नाराजीमुळे हिटलरला झाडे पुन्हा लावणे भाग पडले, अशी एक आख्यायिका पुढे प्रचलित झाली. ज्या राजवटीने माणसांची पर्वा केली नाही ती झाडांपायी नमली, ही कल्पना मनाला सुखावते. पण इतिहासाने सुखावणाऱ्या कथांकडे जरा सावधपणेच पाहावे.

कामाची घाई किती होती, याचा पुरावा माणसांच्या रक्ताने लिहिलेला आहे. २० ऑगस्ट १९३५ रोजी ब्रांडेनबुर्ग दरवाजाच्या दक्षिणेस, आज ज्याला एबर्टचा रस्ता म्हणतात त्या ठिकाणी, बोगद्याचा उघडा खंदक एकाएकी कोसळला. १९ मजूर वाळूत गाडले जाऊन मृत्यू पावले. खंदक आखल्याहून खोल नेलेला होता आणि भिंतींना दिलेले धीरे अपुरे होते. न्यायालयात खटला चालला, काहींना शिक्षा झाली, आणि काम पुढे सुरू झाले. २८ जुलै १९३६ रोजी लिंडनखालच्या स्थानकापर्यंत गाड्या धावू लागल्या. ऑलिंपिक सामन्यांचे उद्घाटन व्हावयास तेव्हा चार दिवस उरले होते. संबंध बोगदा मात्र १९३९ च्या उत्तरार्धात, दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर, पुरा झाला.

१९३७ च्या सप्टेंबरात मुसोलिनी बर्लिनला आला. त्याच्या स्वागतासाठी या रस्त्यावर बेन्नो फोन आरेंट नामक नेपथ्यकाराच्या आराखड्याप्रमाणे पांढऱ्या स्तंभांच्या रांगा उभ्या करण्यात आल्या. स्तंभांच्या माथ्यांवर सोनेरी गरुड बसविले होते. हे काम नाटकाचे पडदे रंगविणाऱ्याकडे जावे, यात मोठे औचित्य होते. वृद्ध वृक्षांच्या छायेत हे स्तंभ दिसलेही नसते. तीन वर्षांपूर्वी झाडे तोडली ती बोगद्यासाठी, यात संशय नाही. पण त्यांच्या जाण्याने जी मोकळीक झाली, तिचा उपयोग राजवटीने असा करून घेतला. सार्वजनिक कामासाठी झाड तोडल्यावर त्या जागी काय येते, हे पाहिल्याशिवाय त्या तोडण्याचा हिशेब पुरा होत नाही.

१९३६ ची रोपे नऊ वर्षे जगली. १९४३ पासून बर्लिनवर बॉम्बचा वर्षाव वाढत गेला. १९४५ च्या वसंतात रशियन तोफा शहरात आल्या. त्या अखेरच्या दिवसांत लांडवेअर कालव्याखाली बोगदा फोडला गेला आणि कालव्याचे पाणी आत शिरून कित्येक किलोमीटर मार्ग जलमय झाला. वर जी काही झाडे उरली होती, ती पुढील हिवाळ्यांत कोळशावाचून कुडकुडणाऱ्या नागरिकांनी चुलीत घातली. त्याला दोष कोण देईल? शेजारच्या टीअरगार्टेन उद्यानात युद्धापूर्वी सुमारे दोन लाख झाडे होती, त्यांतील अवघी सातशे उरली. त्या जागेवर लोकांनी बटाटे लावले. बोगदा लवकर सावरला. पाणी उपसून १९४७ च्या नोव्हेंबरात गाड्या पुन्हा त्यातून धावल्या. दोन वर्षांत बोगदा उभा राहिला. झाडांना तशी सवलत निसर्ग देत नाही.

१७ मार्च १९४९ रोजी पश्चिम बर्लिनचे नगराध्यक्ष एर्न्स्ट रॉयटर यांनी टीअरगार्टेनमध्ये पहिले झाड लावले. ते लिंडनच होते. शहराची त्या वेळी नाकेबंदी झालेली होती. पीठ आणि कोळसा विमानांनी येत होता, आणि पश्चिम जर्मनीतील शहरांनी भेट दिलेली काही रोपेही त्याच मार्गाने आली. उंटर डेन लिंडेनचा रस्ता मात्र सीमेच्या पलीकडे, पूर्व बर्लिनच्या वाट्यास गेला होता. तेथे १९५० नंतरच्या दशकात पुन्हा रांगा लावण्यात आल्या. आज त्या रस्त्यावर जी मोठी झाडे दिसतात ती त्या लागवडीतली. म्हणजे पावणेचारशे वर्षांच्या या वृक्षमार्गावर आज सत्तर-पंचाहत्तर वर्षांहून जुने झाड शोधून सापडणे कठीण. लिंडनच्या आयुर्मानाने पाहता ही ऐन तारुण्यातली झाडे होत.

१३ ऑगस्ट १९६१ रोजी शहराच्या छातीवरून भिंत गेली आणि या झाडांखाली एक विलक्षण दृश्य सुरू झाले. ते वरून मात्र दिसत नव्हते. उत्तर-दक्षिण बोगद्याची दोन्ही टोके पश्चिम बर्लिनमध्ये होती आणि मधला भाग पूर्वेच्या खाली होता. पश्चिमेच्या गाड्या त्यातून जात राहिल्या, पण लिंडनखालच्या स्थानकावर थांबत नसत. मंद दिव्यांचा निर्मनुष्य फलाट, त्यावर पहारेकरी, आणि गाडीतून न्याहाळणारे उतारू. अशा स्थानकांना लोक ‘भुतांची स्टेशने’ म्हणत. ज्या स्थानकासाठी ती जुनी वृक्षराजी गेली होती, त्या स्थानकाने जवळजवळ २९ वर्षे एकाही उतारूला वर झाडांखाली येऊ दिले नाही. ते १ सप्टेंबर १९९० रोजी पुन्हा उघडले.

देश एक झाल्यावर भुयारी रेल्वेचा आणखी एक मार्ग, पाचव्या क्रमांकाचा, या रस्त्याच्या लांबीखालून नेण्याचे ठरले. त्याचा पश्चिमेकडील छोटा तुकडा ब्रांडेनबुर्ग दरवाजापर्यंत २००९ मध्ये चालू झाला आणि आलेक्सांडरप्लाट्सपर्यंतच्या उर्वरित सव्वादोन किलोमीटरांचे काम २०१० मध्ये सुरू झाले. पुन्हा तोच रस्ता, तीच वाळू, तेच पाणी. मधल्या पाऊणशे वर्षांत दोन गोष्टी बदलल्या होत्या. एक, बोगदा उघडा खणण्याऐवजी यंत्राने जमिनीच्या पोटातून पोखरीत नेता येऊ लागला होता. दोन, पश्चिम बर्लिनने १९८२ मध्ये वृक्षसंरक्षणाचा नियम केला होता आणि तो पुढे सबंध शहराला लागू झाला होता. या नियमाप्रमाणे विशिष्ट घेराहून मोठे झाड परवान्यावाचून तोडता येत नाही, आणि परवाना मिळाला तरी बदली झाडे लावण्याचा किंवा त्यांची भरपाई देण्याचा भार तोडणाऱ्यावर येतो. सत्तर मीटरहून लांब असे ते पोखरणारे यंत्र २०१३ ते २०१५ या काळात या रस्त्याखालून दोनदा गेले आणि वरच्या झाडांपैकी बहुतेकांना त्याचा पत्ताही लागला नाही. यंत्राचे नाव ठेवले होते ‘बेअरलिंडे’. ‘बेअर’ म्हणजे अस्वल, हे शहराचे चिन्ह; ‘लिंडे’ म्हणजे आपला लिंडन; आणि दोन्ही मिळून उच्चार ‘बर्लिन’च्या जवळ जातो. थट्टेखोरी शाबूत होती म्हणावयाची.

तथापि स्थानके यंत्राने पोखरता येत नाहीत. त्यासाठी वरून खड्डा घ्यावाच लागतो. फ्रीडरिष रस्ता जेथे लिंडन मार्गाला छेदतो, त्या चौकाजवळ असा प्रचंड खड्डा घेतला गेला आणि तेथील लिंडन पडली. १९५० नंतर लावलेल्या झाडांचे वय तेव्हा सुमारे साठ होते, म्हणजे सावली भरास आली होती. काम संपल्यावर मधल्या पादचारी मार्गावर नवी लिंडन लावण्यात आली. नियम पाळला गेला, संख्या जुळली. परंतु संख्या हे झाडांच्या हिशेबातील सर्वांत सोपे नाणे आहे. साठ वर्षांच्या वृक्षाच्या बदल्यात बोटभर जाडीचे दहा खुंट दिले, तरी दुपारच्या उन्हात बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याला त्याचा उपयोग नाही. त्याच्या नातवाला होईल, जर मधल्या काळात आणखी कोणी तेथे खड्डा घेतला नाही तर. १६५८ मध्ये अकरा वर्षांची झाडे गेली, १९४५ पर्यंत नऊ वर्षांची गेली. या रस्त्यावर लावणाऱ्यांची वाण कधी पडलेली दिसत नाही; वाण पडली ती लावलेल्यास पन्नास वर्षे हात न लावणाऱ्यांची.

नवा मार्ग ४ डिसेंबर २०२० रोजी वाहतुकीस खुला झाला. साथीचे दिवस असल्यामुळे मोठा सार्वजनिक समारंभ झाला नाही. वाटेवरील संग्रहालय-बेटाचे स्थानक पुढील जुलैत उघडले. त्याच्या छतावर शिंकेल या जुन्या वास्तुशिल्पकाराच्या रंगभूमीवरील नेपथ्याची आठवण देणारे ताऱ्यांचे आकाश केलेले आहे. १९३६ चे जुने स्थानक आता ‘ब्रांडेनबुर्ग दरवाजा’ या नावाने ओळखले जाते, कारण ‘उंटर डेन लिंडेन’ हे नाव २००९ मध्येच त्याच्याकडून काढून घेण्यात आले होते. फ्रीडरिष रस्त्याच्या चौकाखालील नव्या स्थानकाला ते देण्यात आले. त्या स्थानकातून पहिले उतारू जिना चढून वर आले तेव्हा हिवाळा होता, आणि मधल्या मार्गावरील नव्या रोपांवर अजून एकही पान नव्हते.